खोटे आजोबा

माझी मुलगी तिच्या आजोबांना घाबरायला लागली तेव्हा ती तीन वर्षांची होती.

आधी आम्हाला ते कळलंच नाही. लाजत असेल, असं वाटलं. बाबा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या एका कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते आणि क्वार्टर सोडून आमच्या बाणेरच्या फ्लॅटवर राहायला आले होते. माझी आई त्याच्या सहा महिने आधी वारली होती. तिच्या आजारपणात आम्ही मुलीला खडकीला फारसं नेलं नव्हतं, त्यामुळे आजोबांची सवय मोडली असेल, असं मी स्वतःला समजावत होते.

मग एका रविवारी सकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलं. बाबा सोफ्यावर बसून पेरू कापत होते. एक फोड मिठात बुडवून त्यांनी तिच्यापुढे धरली. म्हणाले, "घे ना वं माय." पुण्यात पस्तीस वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड गेलं नव्हतं. मुलगी चार पावलं लांब उभी होती, हात पाठीमागे बांधून. पेरू तिचा जीव की प्राण. पण ती पेरूकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बघता बघता ती मागे सरकायला लागली, पाठ न फिरवता, एकेक पाऊल. तशीच उलटी चालत स्वयंपाकघरापर्यंत आली आणि माझ्या पायांना धडकली. तिचं अंग ताठ झालं होतं.

बाबांनी ती फोड ताटलीत ठेवली आणि सुरी पुसली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ना राग, ना वाईट वाटल्याची खूण.

त्या काळात त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं, आणि हे त्यांच्या बाबतीत किती विचित्र होतं हे समजायला ते आधी कसे होते ते सांगायला हवं. क्वार्टर्समध्ये चौदा एप्रिलला नाटुकली व्हायची, त्यात विनोदी काम हमखास बाबांकडे. त्यांना संवाद द्यायची गरज नसायची. ते नुसते स्टेजवर येऊन उजवी भुवई वर करून उभे राहायचे आणि लोक हसायला लागायचे. कॉलनीतली पोरं त्यांना रस्त्यात अडवून "काका, माकड करा" म्हणायची, आणि हातात डबा, खांद्याला पिशवी अशा अवस्थेत ते गाल फुगवून, कान हलवून माकड करायचे. मी चित्रं काढायला लागले ती त्यांच्या चेहऱ्यामुळे. पुढे कमर्शियल आर्टला गेले, संगणकावर चेहरे बनवण्याच्या धंद्यात पडले, त्याचंही मूळ तेच.

आणि आता हाच माणूस दिवसभर एका जागी बसून भिंतीकडे बघितल्यासारखा आमच्याकडे बघायचा. बोलायचा तेही इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. आई गेल्याचं दुःख आहे, असं मी म्हणत होते. माझा नवरा वेगळं म्हणायला लागला होता.

तो सदाशिव पेठेतला. आमचं लग्न जातीबाहेरचं, आणि तेव्हा त्याच्या घरापेक्षा माझ्या घरी ते जास्त सहज स्वीकारलं गेलं होतं. बाबांनी त्याला मिठी मारली होती. पण आता तो ऑफिसमधून आला की बूट काढता काढता त्याचा आवाज खाली यायचा.

"मी आत आलो की ते माझ्याकडे कसे बघतात, पाहिलंस का? मी त्यांचं काहीतरी चोरून आणल्यासारखं."

"आई गेलीय रे त्यांची... म्हणजे माझी. त्यांची बायको."

"मान्य. पण मी जोक सांगितला तर माणूस निदान ओठ तरी हलवेल. त्यांना मी मनातून कधी आवडलोच नसेन. आता रोज बघावं लागतंय, म्हणून दिसायला लागलंय."

मी चिडले, भांडले. पण तो जेवायला बसला की मी चोरून बाबांकडे बघायचे, आणि मलाही तेच दिसायचं. एक ताठ, तेलकट, बंद चेहरा. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज मोठे वाटायला लागले होते. मुलगी बाबा उठून गेल्याशिवाय तोंड उघडत नव्हती.

गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच महिन्यांत ऑफिसमध्ये माझ्यापुढे दुसरा एक बंद चेहरा होता.

आमची कंपनी औंधला होती. परदेशातल्या शाळांसाठी संगणकावर चालणारे धडे तयार करायची. आम्हाला एक शिक्षिका बनवायची होती, पडद्यावरची. मुलांकडे बघून बोलणारी, हसणारी, अगदी खऱ्यासारखी. तिला आम्ही "मॅडम" म्हणायचो. तिच्या त्वचेवरची छिद्रं, केसांची बट, सगळं केलं होतं. आम्हाला ती फार सुंदर वाटत होती. एका शनिवारी ऑफिसमधल्या लोकांच्या मुलांना बोलावून ती त्यांना दाखवली. मॅडम "गुड मॉर्निंग चिल्ड्रन" म्हणाल्या आणि खोली गार पडली. एका मुलाने खुर्ची फिरवून घेतली. एक लहानशी मुलगी रडायला लागली. आणि सात-आठ वर्षांच्या एकीने मला शांतपणे विचारलं, "या बाईंना बरं नाहीये का?"

माझ्या शेजारच्या टेबलवर एक गृहस्थ बसायचे. आधी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पन्नाशीला आल्यावर नोकरी सोडून हाडं-स्नायूंच्या ज्ञानावर या क्षेत्रात आले होते. सगळे त्यांना सरच म्हणायचे. मुलं गेल्यावर त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली. बाहुली जितकी माणसासारखी, तितकी ती आपल्याला आवडत जाते, म्हणून रेघ वर चढत जाते. पण अगदी माणसासारखी व्हायला थोडंसंच उरलं की रेघ एकदम खाली कोसळते. रोबोंचा विचार करणाऱ्या एका जपानी शास्त्रज्ञाने हे खूप आधी मांडलं होतं. इंग्रजीत त्याला अनकॅनी व्हॅली म्हणतात, बेचैन करणारी दरी.

"म्हणजे खड्डा," सर म्हणाले. "पुण्यात राहून एवढा मोठा खड्डा तुम्हाला दिसला नाही, कौतुक आहे."

मला तो विनोद झेपला नाही. आमच्या हातात तीन आठवडे होते. मी विचारलं, "पण का? कार्टूनला कुणी घाबरत नाही. मग जवळजवळ माणसासारख्याला का?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. तर्क भरपूर आहेत." ते खडूने बोटं पांढरी करत बोलत राहिले. माणूस टोळीत राहत होता तेव्हा साथीचा रोग म्हणजे टोळी साफ. कुणाचा रंग उतरला, डोळे थिजले, हालचाल बिघडली, तर जो चटकन मागे सरकला तो वाचला. थांबून विचार करणारा गेला. आपण त्या मागे सरकणाऱ्यांची पोरं. दुसरा तर्क प्रेताचा. माणसाचाच चेहरा, पण त्यात कुणी नाही, हे ओळखण्याइतकं जुनं शिक्षण दुसरं नसेल. तिसरा तर्क सांगतो की जोडीदार निवडताना चेहऱ्यातलं बारीकसं व्यंगही नजरेला टोचावं अशीच नजर घडत गेली. "आणि काही जण म्हणतात, हे काही नाही, मेंदूला हा माणूस की वस्तू हे ठरवता येत नाही, म्हणून तो वैतागतो. माकडंसुद्धा असल्या अर्धवट चेहऱ्यांवरून नजर काढून घेतात म्हणे. म्हणजे मामला आपल्यापेक्षा जुना असावा. पण सांभाळून हं. उत्क्रांतीच्या नावाखाली काहीही खपतं."

मग तीन आठवडे मी मॅडमच्या डोळ्यांत डोळे घालून बसले. पापण्या कमी लवत होत्या, त्या वाढवल्या. हसू ओठांवर होतं पण डोळ्यांखाली पोचत नव्हतं, तिथली घडी बसवली. माणूस मान वळवतो तेव्हा नजर आधी जाते आणि मान मागून येते. मॅडमचं सगळं एकदम वळत होतं. हे सगळं मी शिकत होते, आणि घरी येऊन बाबांसमोर बसत होते, आणि दोन्हींचा संबंध माझ्या डोक्यात येत नव्हता. आज याची लाज वाटते.

मग तो गुरुवार आला.

मुलीला सांभाळणाऱ्या मावशी त्या दिवशी दुपारीच लग्नाला गावी जाणार होत्या. दुपारी एक ते पाच ती आणि बाबा दोघंच घरी. सकाळी निघताना ती माझ्या ओढणीला लटकली होती. मी ओढणी सोडवून घेतली आणि निघाले. तीन वाजता घरी फोन केला. बऱ्याच रिंगा गेल्यावर बाबांनी उचलला.

"काय करतेय ती?"

अगदी हळू उत्तर आलं, "आहे."

"झोपलीय का?"

"असेल."

मी सरांना म्हटलं, मला जायला हवं. औंधवरून स्कूटीने घरी पोचायला वीस मिनिटं लागली असतील. मला त्यातलं एकही वळण आठवत नाही.

बेल दाबली. दार लगेच उघडलं. बाबा दारातच उभे होते, जणू तिथेच उभे राहून वाट बघत होते.

"पोरगी दिसून नाही राहिली," ते म्हणाले.

दूध संपलं, असं सांगावं तसं.

मी त्यांना ढकलून आत गेले. दोन्ही बेडरूम, पलंगाखाली, कपाटं. मग बाथरूमचं दार ढकललं. मी दिवा लावून बादली बघितली, मग पिंप बघितलं. खिडक्यांना ग्रिल होतं. बाहेर पडायचं म्हटलं तर वरची कडी तिच्या हाताला पोचत नव्हती. म्हणजे ती घरातच होती आणि हाका मारूनही ओ देत नव्हती. मी वळले. बाबा हॉलच्या मधोमध उभे होते. डोळे उघडे, पापणी हलत नाही, तोंड किंचित उघडं. मी त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

काय झालं, असं नाही विचारलं. तुम्ही काय केलंत. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून जयंतीच्या मिरवणुका दाखवल्या, आयुष्यात कधी माझ्यावर हात उगारला नाही, त्याच्याबद्दल त्या क्षणी मी काय मानलं ते मला लिहवत नाही. पण ते मी मानलं होतं, पूर्ण खात्रीने. आणि त्यांना ते समजलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागे काहीतरी खुट्ट वाजलं.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती. तिथे धुवायच्या कपड्यांच्या ढिगामागे ती बसली होती. घामाने चिंब, जागी, डोळे सताड उघडे. मी तिला ओढून काढलं, उराशी धरलं. ती रडली नाही. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "आई, हे आपले आजोबा नाहीत."

"असं काय गं? आजोबाच आहेत."

"नाहीत. हे खोटे आजोबा आहेत. खरे आजोबा कुठे ठेवले?"

मी मान वर केली. बाबा बाल्कनीच्या दारात होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही, पण दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसण्यासाठी हातही लगेच वर जात नव्हता.

संध्याकाळी नवरा मुलीला घेऊन खाली बागेत गेला. मी चहा केला आणि बाबांसमोर बसले. माफी कशी मागायची ते कळत नव्हतं, म्हणून नुसती बघत राहिले. आणि मग, तीन आठवड्यांची सवय म्हणा, मी त्यांच्याकडे कामावर बघायचे तशी बघायला लागले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सेकंद काटा एक फेरी पूर्ण करेपर्यंत बाबांची पापणी चारदा लवली. दुरुस्तीच्या आधी मॅडमच्या पापण्याही अशाच लवत होत्या.

"बाबा, जरा हसा बरं."

"काहून?"

"असंच. हसा ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघितली. काहीच झालं नाही.

"हसा ना बाबा."

"हसूनच तर राहिलो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माकड करून दाखवा." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे, पण त्यांनी प्रयत्न केला. मानेची शीर ताणली गेली. गाल फुगला नाही. भुवई हलली नाही. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचलं कोण जाणे, त्यांनी हळूच हात उचलला आणि स्वतःच्या गालावर, ओठांवर फिरवून बघितला. आपला चेहरा जागेवर आहे का, हे तपासल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. त्यांनी निम्मं ऐकलं आणि माझा कॉम्प्युटर बंद केला. "उत्क्रांतीवर नंतर बोलू. आधी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्या. आत्ता, माझ्यासमोर फोन करा."

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी बाबांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. मी मागून बघत होते. उजवा हात चालताना हलत होता, डावा अंगाला चिकटून. मग त्यांनी एक वाक्य चार वेळा लिहायला सांगितलं. पहिलं वाक्य बाबांच्या ठसठशीत अक्षरात होतं, चौथं मुंग्यांच्या रांगेसारखं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, वास येतात का नीट?"

"नाही येत. दोन-तीन वर्षं झाली. फोडणीचा वासच येईना. मले वाटलं, हिचीच फोडणी मंदावली. म्हणून बोललो बी तिले एकदा."

आईला बोललेलं ते वाक्य आता परत घेता येणार नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, पार्किन्सन्स. मी म्हटलं, पण त्यांचे हात तर थरथरत नाहीत. "सगळ्यांचे थरथरत नाहीत. काहींचं सुरू होतं चालण्यात, काहींचं चेहऱ्यात. चेहऱ्याचे स्नायू सांगितलेलं काम करत नाहीत. आतला माणूस तोच असतो. हसू आत तयार होतं, बाहेर पोचत नाही."

"बरं होते का?" बाबांनी विचारलं.

"जात नाही. पण गोळ्यांनी आवरतं. चेहरा थोडा मोकळा होईल. पहिल्यासारखा होईलच असं मी सांगणार नाही."

बाबांनी थोडा विचार केला. "नात घाबरते मले," ते म्हणाले. एवढंच.

खाली गाडीत नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी त्याला सांगितलं. त्याने गाडी चालू केली नाही. आरशातून मागच्या सीटवर बघत म्हणाला, "बाबा, मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर नाराज आहात."

"मले वाटत होतं तूच नाराज आहे. तू बोलतच नव्हता माह्याशी."

चेहरा वाचून उत्तर द्यायची सवय आम्हा दोघांनाही इतकी होती की आम्ही त्यांना तोंडाने काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर सरांशी माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या हिशेबाने माझी मुलगी बरोबर होती? आजारी आजोबांपासून पळणं हे निसर्गानेच लिहून ठेवलंय?"

सर रागावले नाहीत. "दचकणं लिहून ठेवलं असेल. त्याला ना तुमची मुलगी जबाबदार, ना तुम्ही. धुराचा अलार्म असतो ना, तो आगीलाही वाजतो आणि उदबत्तीलाही. न वाजण्यापेक्षा उगाच वाजलेला बरा, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. पण वाजल्यावर उठून बघायला माणसालाच जावं लागतं. तुम्ही गेलात."

मी गेले होते, पण आधी जे विचारलं होतं ते विचारून. ते मी सरांना सांगितलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना काही फरक दिसला नाही. मुलगी अजूनही बाबांच्या खोलीच्या दारावरून पळत जायची. तिला समजावून उपयोग नव्हता. "आजोबांना आजार झालाय" म्हटल्यावर ती आणखीच लांब राहायला लागली. उपाय शेवटी बाबांनीच काढला. एका रात्री जेवताना नवऱ्याने ऑफिसमधला काहीतरी फालतू किस्सा सांगितला. कुणी हसलं नाही. आणि बाबा जमेल तितक्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी हसलो बरं का."

मुलीने ताटातून मान वर केली. "कुठे?"

"आतमंदी."

ती बराच वेळ त्यांच्या छातीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशीपासून ते घोषणाच करायला लागले. मले राग आला बरं का. मले नवल वाटलं. मी भुवई वर केली, उजवी. हळूहळू ती दारात थांबून विचारायला लागली, "आता काय केलंत?" पावसाळा संपेपर्यंत ती त्यांच्या मांडीजवळ जाऊन उभी राहायला लागली होती. दिवाळीत एकदा तिने दोन्ही बोटांनी त्यांच्या ओठांचे कोपरे धरून वर ओढले आणि मला ओरडून सांगितलं, "आई, बघ, असे हसलेत ते!" गोळ्यांनी तोवर गालात थोडी जान आली होती. पण अलार्म पुरता बंद झाला होता असं मी म्हणणार नाही. तापात असली की ती त्यांना खोलीत येऊ द्यायची नाही.

माफी मागायला मला त्यानंतरही वर्ष लागलं. एका सकाळी त्यांच्या पायांना तेल लावताना मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला जे विचारलं..."

"ठाऊक आहे मले," ते म्हणाले. "मीबी केलंय तसंच."

कारखान्यात त्यांच्या शेजारी काम करणारा एक मित्र होता, लोणी काळभोरचा. दोघं रोज एका डब्यात जेवायचे. एकदा त्याच्या घरी स्टोव्हचा भडका उडाला आणि तो तोंडावर भाजला. चार महिन्यांनी कामावर आला तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू वितळल्यासारखी झाली होती. जेवायच्या सुट्टीत त्याने नेहमीसारखा डबा उघडला. बाबांच्या घशाखाली घास उतरेना. त्यांनी आठवडाभर कसंबसं काढलं आणि मग साहेबांना सांगून शिफ्ट बदलून घेतली. त्याला कारण सांगितलं, बायकोची, म्हणजे माझ्या आईची तब्येत. आई तेव्हा ठणठणीत होती.

"अख्ख्या कॉलनीले हसवत होतो मी," बाबा म्हणाले. "त्याच्याकडे बघता नाही आलं."

पुढच्या रविवारी आम्ही लोणी काळभोरला गेलो. हायवेपासून आत, उसाच्या कडेला घर होतं. मुलगीही बरोबर होती, घरी ठेवायला कुणी नव्हतं. रस्ताभर मी तिला तयार करत होते, पण तयारी कसली होणार. मित्र ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. तो उठून पुढे आला तशी ती थिजली. मी हात पुढे केला, पण ती माझ्याकडे आली नाही. ती बाबांच्या मागे गेली. त्यांच्या पँटला दोन्ही हातांनी घट्ट धरून तिने तोंड लपवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसासमोर हे व्हायला नको होतं. पण त्याने तिच्याकडे बघितलं, आपली खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून अशी फिरवून ठेवली की त्याची उजवी, चांगली बाजू आमच्याकडे राहील. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या आणावा, इतक्या सहज.

बाबा उभेच होते. "मी तुह्या डब्यावरून उठलो होतो," ते म्हणाले. आवाज इतका लहान की मित्राने कानामागे हात धरला. बाबांनी पुन्हा सांगितलं. "बायकोची तब्येत म्हटली, ते खोटं होतं."

"म्हाईत हाय की," तो म्हणाला. "समदेच उठले व्हते. तू आठ दिस बसलास. बाकीचे दोन दिस बी न्हाय बसले." मग तो बाबांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागला. "पर तुजं काय झालं रं? तुजं त्वांड असं का झालंय? रागावलायस काय?"

"न्हाय," बाबांच्या मागून माझी मुलगी म्हणाली. तिने तोंड बाहेर काढलं नव्हतं, पण शब्द मात्र त्याचाच उचलला होता. "ते रडतायत. आतमंदी."

मित्राने दुसरी खुर्ची ओढली, त्याच भिंतीला लावली, आणि बाबांना दंडाला धरून तिच्यात बसवलं.